गाडीचा खांदा

माझ्या भावाचा मला हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो, अजूनही वाटतो, आणि वय वाढलं की हे कमी होतं असं जे म्हणतात ते साफ खोटं आहे. माझे केस पिकायला लागले, तो तिकडं बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब झाला, तरी पांढुर्ण्याच्या घरी त्याचा फोन वाजला की माझ्या पोटात दुखायला लागतं. फोन त्याचा आहे हे मला बाबांच्या चपलांवरून कळतं. त्याचा फोन आला की बाबा आधी सदऱ्याची गुंडी लावतात, पायात चपला सरकवतात आणि मग अंगणात जाऊन बोलतात, तिथं नेटवर्क चांगलं मिळतं म्हणून. माझा फोन ते बसल्या जागी घेतात आणि 'बोल' म्हणतात. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. अशा गोष्टी सांगायला शेजारी लागतातच.

मी सौंसरला असते. नवऱ्याबरोबर संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवते. सकाळची बस धरली तर बाबांच्या दुसऱ्या चहाला मी पांढुर्ण्यात हजर. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. बाबांची औषधं, गॅस, चादरी, चष्म्याची काडी, सगळं मी पाहते. बाबा गाडी काढून शनिवारी जामसांवलीला येतात तेव्हा वाटेत माझ्याकडे उतरतात, पण ते मारुतीला आलेले असतात, मला भेटायला नाही. मी नेहमीच येते-जाते, मग माझी वाट कोण कशाला पाहील? आई म्हणायची, पिकते तिथं विकत नाही. संत्र्याच्या मुलखात संत्र्याचं कौतुक नसतं, तसं माझं.

भाऊ माझ्याहून लहान. तो झाला तेव्हा मी शाळेत जायला लागले होते, आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक मानाचं काम त्याचं झालं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, त्याच्यासाठी चाकांचा लाकडी बैल आला. मला काय आलं? 'तू त्याच्यासंग जा, बैल घसरला तं धरजो.' मी आख्ख्या गल्लीतून वाकून वाकून त्याचा बैल धरत गेले आणि बोजारा, म्हणजे ओवाळून हातावर ठेवतात तो खाऊ, त्याला मिळाला. माझ्या हातावरही ठेवला असेल कुणीतरी, पण मला तो आठवत नाही. हेवा करणाऱ्या माणसाची आठवण अशीच असते.

तर आता पोळ्याचंच सांगायचं आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला, घट्टे पडलेला असतो, त्याला तूप आणि हळद चोळायची आणि बैलांना दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण द्यायचं: 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' चोळायचं काम घरच्या पुरुषाचं. बाया मागे ताट धरून उभ्या राहतात. तिगावकडच्या आमच्या बागेत बैलजोडी होती तोवर हे सगळं रीतसर चालायचं. मग बाग बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिली, बैल विकले, आणि त्याच वर्षी बाबांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. त्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा हळद-तुपाची वाटी हातात घेऊन अंगणात नुसते उभे होते. कोणाला लावायची, तेच त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा भाऊ म्हणाला, "गाडीले लावू नं बाबा. आता हेच आपले बैल."

"गाडीले खांदा कुठं असते बे?" बाबांनी विचारलं.

भाऊ तेव्हा कॉलेजात होता. तो गाडीभोवती फिरला, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "चाक जिथं गाडीले जुळते तिथंच सगळा जोर पडते. म्हणजे हाच खांदा." आणि चाकाच्या चार बोल्टांपैकी एका बोल्टावर त्यानं तूप-हळद थापली. पुढच्या वर्षीही तोच बोल्ट सापडावा म्हणून त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. बाबा इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा शेला ओढला. आईही हसली. मी मागे ताट धरून उभी होते, मला तर तो बोल्टही दिसला नाही. हसले मीही, पण मनात म्हटलं, ही युक्ती मला सुचली असती तर बाबा म्हणाले असते, चल, काहीतरीच.

तेव्हापासून दर पोळ्याला गाडीची खांदशेकणी होते. भाऊ नोकरीला गेला तसा तो वाटीचा मान बाबांकडे आला, पण व्हिडिओ कॉलवर भाऊ पाहत असतो. एका हातात फोन, एका हातानं तूप. बाकी वर्षभर त्याचा फोन कसा असतो? 'बाबा, मीटिंगमध्ये जातोय, नंतर बोलतो.' पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो दहा मिनिटं तरी बोलतो. बाबा ती संध्याकाळ वर्षभर धरून बसतात. ते चाक कधी पंक्चर झालं नाही, खोलावंही लागलं नाही, म्हणून बाबा गावभर सांगायचे, "पोरानं खांदा बराबर शोधला."

या वर्षी त्याच चाकाची हवा गेली.

मी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोचले तर बाबा अंगणात गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. पुढचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. पोळ्याला गाडी धुऊन, तिला हार घालून, बाबा एकटेच बागेत जाऊन येतात. बैल गेले तरी बागेला तोंड दाखवायचं असतं म्हणे. तेव्हा चाक आजच बदलायला हवं होतं. गॅरेजवाला सणासाठी खेड्यावर गेलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नदीवर गोटमार, दोन्ही काठांवरून दगड चालतात, म्हणजे तोवर दुकान उघडायची आशा नाही.

"डिक्कीत स्टेपनी आहे नं? मी बदलते," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पौरोहित्य करते म्हणाले. नर्सरीत फवारणीच्या पंपाचं इंजिन दर हंगामात मी खोलते आणि मीच बसवते, हे त्यांना ठाऊक आहे. पण पंप सासरचा आहे. माहेरच्या गाडीला मी हात लावावा, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

तीन बोल्ट सैल झाले. चौथ्यावर पाना लावला आणि बाबा म्हणाले, "सरक, हा घट्ट आहे, मी पाहतो." मी म्हटलं, पाना नीट बसला नाही, थांबा. थांबतील कशाचे! त्यांनी पान्याच्या दांडीवर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं. कर्रकन आवाज झाला, पाना निसटला, बाबा माझ्या अंगावर आले. बोल्टाचं षट्कोनी डोकं पार गोल झालं होतं. आता पाना त्यावर नुसता फिरत होता, पकड कुठेच नाही.

"आता त्याले विचारा लागते," बाबा म्हणाले आणि गुंडी लावायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोल्ट समोर मी बसलेली, हाताला ग्रीस माझ्या, आणि विचारायचं बंगळुरूला!

फोन लागला. भावाचा चेहरा दिसला, मागे काचेचं ऑफिस. बाबांनी फोन चाकाकडे वळवला आणि मला म्हणाले, "जरा सरक. त्याले दिसून नाही राहिलं."

मी सरकले. बोल्ट काढणारी बाजूला आणि पाहणारा समोर.

"ताई, उलटं तर नाही फिरवून राहिली नं?" भावानं विचारलं.

"ती म्हणते नाही," बाबांनी परस्पर सांगितलं. मी काही बोललेच नव्हते.

"मग जरा डिझेल टाका बोल्टवर. जाम सुटेल."

"डिझेल टाक म्हणते तो," बाबा मला म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते आणि फोनचा आवाज पूर्ण मोठा होता. पण त्याचा प्रत्येक शब्द बाबा परत माझ्यासाठी म्हणून दाखवत होते, आरतीत मागून म्हणतात तसा. डिझेल मी आधीच टाकलं होतं, बाटली तिथंच उभी होती. "टाकलं," मी म्हणाले. बाबा फोनला म्हणाले, "हो रे, टाकलं, बराबर सांगतलं तू. पाह्य, कसं डोकं चालते त्याचं."

मग भाऊ म्हणाला हातोडीनं ठोका. ठोकलं. मग म्हणाला कापड घालून पाना लावा. लावला, कापड फाटलं. मग त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे. संध्याकाळी खांदशेकणीला करतो फोन, तेव्हा पाहू. हात लावू नका तोवर." फोन बंद झाला. बाबांनी तो रुमालात पुसला आणि खिशात ठेवला. "हात लावू नको म्हणे," मला म्हणाले आणि आडवे व्हायला आत गेले.

मी तिथंच बसून राहिले. मला त्या क्षणी एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी मनात अगदी शब्दांसकट ठरवली. बोल्ट मी काढायचा. संध्याकाळी त्याचा फोन आला की बाबांनी त्याच्या तोंडावर म्हणायचं, 'पोरीनं काढला.' बस. दोन शब्द. एवढ्या वर्षांची माझी बाकी कुठलीही मागणी नव्हती.

काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय करून राहिली वं? तुझ्या भावाले फोन लावा म्हणा, तो सांगते बराबर." मी म्हटलं, "लावला काकू. त्यानंच सांगतलं हात लावू नको म्हणून." काकू गेल्या. मी हात लावला.

आधी पाना का बसत नाही ते पाहायला हवं होतं. बोल्टाचं डोकं चाकाच्या खळग्यात आत असतं, आणि हा खळगा कशानं तरी गच्च भरलेला होता. काळपट, कडक, लाखेसारखं काहीतरी. बाकीच्या तीन बोल्टांभोवती नुसती धूळ. मी रॉकेलात भिजवलेल्या तारेच्या ब्रशनं घासायला लागले, मग जुन्या स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं. एक पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, आणि खालचा पिवळा. मी बोटावर घेऊन हुंगला. तूप. हळद. दर पोळ्याला एक थर, त्यावर वर्षाची धूळ, ब्रेकच्या उष्णतेनं भाजून भाजून दगड झालेला. त्यामुळे पाना आतपर्यंत जात नव्हता, वरच्या काठाला नुसता टेकत होता, आणि जोर दिला की निसटत होता. आणखी घासलं तसा तळाशी लाल रंगाचा ठिपका दिसला.

खांदा!

मला इतका आनंद झाला की तसा लग्नातही झाला नसेल. अडवलं कोणी? ज्याचं डोकं बराबर चालतं त्यानं. हे आता मी संध्याकाळी सांगणार होते, साध्या आवाजात, ताट हातात धरून. वाक्यही जुळवलं: 'काही नाही रे, तुझ्या खांद्यानंच धरून ठेवलं होतं.' मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. छान लागलं.

मग खळगा कोरडा करून पुन्हा डिझेल सोडलं आणि मुरू दिलं. सैल केलेले तिन्ही बोल्ट परत कसले, म्हणजे चाकाचा सगळा ताण या एकट्यावर राहत नाही. हे पंपावर काम करता करता कळलेलं. बाबांच्या जुन्या पेटीत गोटीचा संच होता. गोटी म्हणजे बोल्टावर टोपीसारखी बसते ती पान्याची वाटी. बोल्ट एकोणीस नंबरचा, मी अठराची गोटी घेतली, जी त्याच्यावर बसायलाच नको. गोल झालेल्या डोक्यावर ती टेकवली आणि हातोडीनं ठोकली. पहिल्या घावांना तिनं दाद दिली नाही. मग ती कोपरे चावत चावत आत गेली आणि घट्ट रुतली. दांडीला नळाच्या पाइपाचा तुकडा चढवला. झटका नाही द्यायचा, हळूहळू वजन टाकायचं. मी पाइपावर दोन्ही हातांनी लोंबकळले. काही नाही. आणखी झुकले. खांद्यात कळ आली. मला वाटलं, आता एक तर गोटी सुटेल नाही तर मी पडेन.

कट्ट.

असा आवाज आला की मला आधी वाटलं तुटला. पण पाइप बोटभर खाली गेला होता. मग पुन्हा थोडा, आणि मग तो बोल्ट किरकिर करत, नाइलाजानं, एकेक फेरा देत बाहेर आला. गोटीतून ठोकून काढला तेव्हा गरम लागत होता. डोकं चेचलेलं, अंगावर गंज, एका बाजूला लाल ठिपक्याचा तुकडा. मी तो मुठीत घेतला आणि घरात धावले. हो, धावले, या वयात.

बाबा पलंगावर उठून बसले होते. मी मूठ उघडली.

"निघाला?"

"निघाला. आणि पाहा, काहून अडकला होता तं. हळद-तूप. दरसाल लावून लावून थर झाला होता. यानंच पाना बसत नव्हता."

बाबांनी बोल्ट हातात घेतला, चष्मा लावला, खिडकीकडे धरला. लाल ठिपका अंगठ्यानं पुसला. बराच वेळ पाहत होते. मी वाट पाहत होते.

"अजून रंग टिकून आहे," ते म्हणाले. "त्याचं काम असंच असते. पक्कं."

बाबांनी बोल्ट माझ्या हातावर परत ठेवला आणि म्हणाले, "हात धू. पुरण घालाचं आहे नं? चाक बदलू सकाळी."

"बाबा, मी काढला," मी म्हणाले.

"हो, मंग? तू तं काढशीलच."

यात कौतुक होतं की नव्हतं, हे मी पुरण शिजेपर्यंत ठरवत बसले. 'तू तं काढशीलच.' सूर्य तर उगवणारच, नळ तर येणारच, तशी मी. पाट्यावर पुरण वाटताना हात नुसता चालत होता. ठीक आहे, म्हटलं. मला एकटीला म्हटलेलं नकोच आहे. संध्याकाळी त्याच्यासमोर म्हणू देत.

संध्याकाळी मी ताट मांडलं. हळद-तुपाची वाटी, निरांजन, कुंकू, आणि मधोमध तो बोल्ट. बोल्ट मी मुद्दाम घासून स्वच्छ केला होता, फोनच्या कॅमेऱ्यात नीट दिसावा म्हणून. बाबा आंघोळ करून धोतर नेसले. फोन वाजला, तसे ते चपला घालून अंगणात गेले. निरांजनाची वात विझत होती ती सारखी करून मी मागोमाग निघाले आणि दारातच थांबले.

बाबा गाडीच्या डाव्या बाजूला नव्हते. ते पलीकडं, उजव्या चाकापाशी वाकले होते आणि त्यांनी फोन त्या चाकासमोर धरला होता. त्या चाकाचे चारही बोल्ट जागच्या जागी होते.

"नाही रे बाबू," ते म्हणत होते. "नाही निघून राहिला. तसाच आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ताईनं पाहिलं का?" भावाचा आवाज.

"पाहिलं तिनं. तिच्यानंही नाही झालं. आता तूच सांग, काय कराचं?"

भाऊ सांगायला लागला. कोणतं तरी फवारायचं औषध मिळतं, ते. मग दुसरं काहीतरी. बाबा 'हो', 'अस्सं', 'मंग?' करत होते. बोल्टाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फोन चाकाकडे धरून ते मान वाकडी करून त्या काचेतल्या लहानशा चेहऱ्याकडे पाहत होते. ज्याचं डोकं इतकं चालतं त्या माझ्या भावाला समोरचं चाक चांगलं फुगलेलं आहे हेही दिसत नव्हतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, त्यानं मीटिंगचं नाव काढलं नाही. आणि बाबा एकेक प्रश्न काढत होते, पोरगा शाळेला उशीर व्हावा म्हणून चपलेचा अंगठा शोधतो तसे.

मला राग आला. खोटं नाही सांगत, मला आधी रागच आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या हातातल्या ताटात बोल्ट पडलेला आणि हे म्हणतात तिच्यानं नाही झालं!

मग भाऊ म्हणाला, "राहू द्या बाबा. कोणी हात लावू नका. पुढच्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकतो. मीच येतो अन् काढतो."

बाबांचा हात खाली आला. फोन जमिनीकडे झाला, भावाला फक्त फरशी दिसत असेल. "बाबा? हॅलो? दिसत नाही आहे काही." एवढं बाबांनी मागितलंच नव्हतं, त्यांना फक्त आणखी थोडा वेळ बोलायचं होतं. गेली दिवाळी त्याची तिकडंच झाली, त्याच्या आधीची पण. दारात मी उभी आहे हे तेव्हा त्यांनी पाहिलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, ताटातल्या बोल्टाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आमचे बाबा कुणाला विनवणारे नाहीत. आईच्या आजारपणातसुद्धा डॉक्टरसमोर ताठ उभे होते.

"ताई आहे का तिथं?" भाऊ म्हणाला. "तिला द्या फोन."

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी ताटात हात घालून बोल्ट मुठीत घेतला. माझं ते जुळवलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते म्हटलं असतं तर तो हसला असता, वा ताई म्हणाला असता, आणि सुट्टी टाकायची गरज उरली नसती. मी यावं म्हणून कुणी कधी चाकाचा बोल्ट अडकवून ठेवला होता का? मी येतच असते. उद्या मला सौंसरला परत जायचं आणि पंधरा दिवसांनी औषधं घेऊन यायचं, त्यासाठी कुणी खोटं बोलणार नव्हतं. जळत होते मी. आतून नुसती जळत होते.

"काय गं, खरंच नाही निघत?" भावानं विचारलं.

"नाही रे," मी म्हणाले. "लय जाम झाला. माझ्यानं नाही होऊन राहिलं. हे आवतन समज अन् ये."

"बघ, म्हटलं होतं ना," तो म्हणाला. खूश झाला.

खांदशेकणी झाली. बाबांचा एक हात फोनला लागलेला आणि दुसरा डोळ्यांना, म्हणून ते मला म्हणाले, "लाव तूच." माझ्या जन्मात पहिल्यांदा ती वाटी माझ्या हातात आली ती अशी. मी उजव्या चाकाच्या बोल्टाला तूप-हळद लावली, पुसता येईल इतकी पातळ. भावाला तेही कळलं नाही. बाबा तिकडं त्याला विचारत होते, आल्यावर काय खाशील, वडाभात की पाटोड्या. तो म्हणाला, दोन्ही. करायचं अर्थात मलाच होतं.

फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ माझ्याकडे न पाहता गाडीवरची नसलेली धूळ झटकत राहिले. उद्या बागेत जाणं आता रद्दच होतं. मग खाकरून म्हणाले, "तो बोल्ट… परत लावता येते का?"

"येते."

"घट्ट?"

मी पदर खोचला आणि डाव्या चाकापाशी बसले. बाबा आतून बॅटरी घेऊन आले आणि माझ्या हातावर उजेड धरून उभे राहिले. "दिसून राहिलं नं तुले बराबर?" त्यांनी विचारलं. मी बोल्ट खळग्यात घातला, फिरवत फिरवत आत नेला आणि त्या चेचलेल्या डोक्यावर गोटी ठोकून बसवली. कसला. भावाला चांगला घाम फुटेल इतका घट्ट कसला, आणि त्याच्यानं निघेल इतका सैल ठेवला.